बोट एवढं डिझेल का पिते

मिस्त्रीने हात पुसले आणि तो बोटीच्या कडेवरच बसून राहिला. उठायचं त्राण नव्हतं. इंजिनाच्या कोंदट खोलीत वाकून वाकून कंबरेचा पार भुगा झाला होता, आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

बोट त्याच्या थोरल्या भावाची, अण्णांची. माणसांना या काठावरून पलीकडे न्यायची आणि परत आणायची, एवढंच तिचं काम. पण अलीकडे ती डिझेल नुसती ढोसत होती. मिस्त्रीने फिल्टर बदलले, नोझल तपासून घेतले, गळती शोधली. बोट काठावर ओढून बुडाला चिकटलेलं शेवाळ खरवडलं. पाण्याखालचा पंखाही सरळ होता.

"तुमचा धाकटा नुसता खोलतो आणि लावतो," वहिनींनी धक्क्यावरून अण्णांना ऐकवत टोमणा मारला.

मिस्त्रीने ऐकून सोडून दिलं. भांडायलाही अंगात जोर लागतो.

शेवटी तो म्हणाला, "अण्णा, आज मी तुझ्याबरोबर येतो. चालू बोटीतच बघतो."

माणसं चढली. अण्णांनी सुकाणू धरलं आणि वेगाचा दांडा पुढे सरकवला. इंजिन घुमू लागलं. एवढं पुरे होतं, पण अण्णा सरकवतच राहिले. इंजिन किंचाळायला लागलं, मागे काळा धूर सुटला. एका बाईने लेकराचे कान झाकले.

अण्णा मात्र शांत. मागे वळून म्हणाले, "नोझल तपासल्यापासून इंजिन जरा हळूच बोलतंय, नाही?"

मिस्त्रीने दांड्यावरच्या अण्णांच्या हाताकडे पाहिलं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायला त्याला याच माणसाने शिकवलं होतं. इंजिनाचा वेग दाखवणारा काटा कधीचा बंद पडला होता, पण अण्णांच्या कानापुढे काटा हवा कुणाला?

पलीकडे माणसं उतरली. मिस्त्रीने अण्णांच्या पाठीमागे उभं राहून हाक मारली. मग पुन्हा मारली. मग पुढे येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

अण्णांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"घरी बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

पण घरी लपवायचं काय होतं? मिस्त्रीने चाचरत विषय काढला, तर वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "मला काय सांगताय? टीव्ही बारीक करा म्हणून मी घसा फोडते, तर शेजारी आपला बारीक करतात!" आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "त्यांनाच बोलायचं नव्हतं, भावोजी. मग मीही गप्प राहिले."

मिस्त्रीने नवा काटा बसवला आणि त्याच्या तबकडीवर वेगाच्या हद्दीची लाल रेघ ओढली. अण्णा चिडले, म्हणाले, "मला हे शिकवणार तू?" मिस्त्री म्हणाला, "शिकवत नाही. दमलोय मी, अण्णा. एवढं ऐक." आणि ऐक म्हटल्यावर त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. अण्णा मात्र खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी दोघे कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र मिळालं, पण इंजिनाजवळ ते नुसतं खरखरतं, म्हणून अण्णा बोटीत ते खिशात ठेवतात आणि काट्यावर नजर ठेवतात. डिझेल बरंच कमी लागतं. अगदी पूर्वीइतकं नाही. इंजिनही म्हातारं झालंय.

अशाच एका फेरीला मिस्त्री बाकावर बसला होता. काटा रेघेखाली, इंजिन बेतानं घुमत होतं. पलीकडचा काठ यायच्या आतच त्याला झोप लागली.