इन्फिनिटी पुलातल्या अकरा गोधड्या

माझ्या आईनं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि ती म्हणाली, "पानी खारट हाय. उपेग न्हाई."

मी तेव्हा गाडीच्या टपावर चढून गाठोडी सोडत होतो, त्यामुळे समुद्राकडे माझी पाठ होती. (ही पाठ लक्षात ठेवा.) समुद्राच्या पाण्याचा आईला नेमका काय उपयोग करायचाय, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडायला हवा होता. तो पडला नाही. पडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

मुळात ही सहल आईसाठीच होती. आमचं घर मार्गासनीला आणि माझं दुकान वेल्ह्याच्या बाजारात. झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाईन फॉर्म. तहसील कचेरीत जाणारा निम्मा तालुका आधी माझ्या बाकड्यावर बसतो. लोकांचा फॉर्म भरताना मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि न वाचता सही ठोकणाऱ्यांना भाषण देतो. एवढी तालुक्याची अक्कल माझ्याकडे, पण घरात एक गोष्ट मला आजवर जमली नव्हती. आईला मी नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसली तरी हातात काहीतरी असायचंच. शेंगा, वालाचे दाणे, नातीची वेणी. वडील गेल्यावर दोन म्हशी आणि भाताची खाचरं तिनं एकटीनं अंगावर घेतली. मागच्या पावसात गुडघा सुजला तेव्हा डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. आईनं ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवसापासून ती म्हशीची धार स्टुलावर बसून काढायला लागली!

मला याचं फार वाईट वाटायचं. तिला एकदा समुद्रासमोर खुर्ची टाकून बसवायचं, शेजारी आपण बसायचं, दोघांनी मिळून दिवसभर काहीही करायचं नाही आणि त्याचा एक फोटो काढून दुकानात लावायचा, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी मोबाईलवर कोकणातला एक आलिशान व्हिला शोधून काढला. समुद्राला लागून, पांढराशुभ्र, भिंतींच्या जागी काचा. पुढे पोहण्याचा असा पूल, की त्याला पलीकडचा काठच दिसत नाही, पाणी थेट समुद्रात सांडतंय असं वाटतं. याला इन्फिनिटी पूल म्हणतात. (हे मी घरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.) बुकिंगच्या खाली बावीस नियम होते. मी सगळ्यात खालच्या चौकटीत टिक केली.

आईनं मात्र साफ नकार दिला. "घट बसायला आठ दिस राह्यलं," ती म्हणाली. "गोधड्या कोन धुनार?"

आमच्याकडे नवरात्रात घट बसण्याआधी घरातली चिंधी न् चिंधी धुवून निघते. भांडी, डबे, पडदे, दारांची तोरणं आणि सगळ्यात शेवटी गोधड्या. त्या नदीवर न्यायच्या, पायांनी तुडवायच्या, दांडक्यानं बडवायच्या आणि खडकावर वाळवायच्या. न धुतलेल्या गोधडीच्या घरात घट बसवणं म्हणजे देवीला उकिरड्यावर बसवणं, असं आईचं मत. त्या वर्षी तोरणा किल्ल्याच्या बाजूला पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. नदी गढूळ आणि ऊन गायब. मी दोन दिवस मनधरणी केली. तिसऱ्या दिवशी आईनं भाकरी थापता थापता दोनच प्रश्न विचारले.

"तितं पानी किती?"

"पानीच पानी हाय, आई."

"आन् ऊन?"

"दिसभर."

"मग येते."

बायकोला, मनीषाला, मी आत जाऊन सांगितलं की आईला समुद्राची ओढ लागली. माझे डोळे पाणावले होते.

निघायच्या दिवशी पहाटे गाडीजवळ दोन मोठी गाठोडी होती. गोधड्या कशाला, तिथं पलंग आहेत, असं मी म्हणालो. आई म्हणाली, दुसऱ्याच्या अंथरुणात मला झोप लागत नाही. पटलं. एका बाईला झोपायला किती गोधड्या लागतात, हा विचार मी केला नाही. म्हशी शेजारच्या काकूंवर सोपवून मी, मनीषा, आमची मुलगी श्रावणी आणि आई असे निघालो. कापूरहोळला माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी चढले. दाजी म्हणजे अक्काचे मिस्टर. त्यांचं तिथं हायवेला गॅरेज आहे आणि जगातलं कुठलंही यंत्र आपण पाच मिनिटांत उघडू शकतो, असा त्यांचा दावा आहे. (तो खरा आहे. ते परत बसवण्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.) भोरला चहा झाला, पावसाळ्यात बंद असलेला आणि नुकताच सुरू झालेला घाट उतरलो आणि दुपारी एकच्या सुमारास व्हिलाच्या दारात पोचलो.

रमाकांत नावाचे पन्नाशीचे केअरटेकर हसतमुखानं सामोरे आले. ते नियम वाचून दाखवू लागले, तर मी दुसऱ्याच नियमाला त्यांना थांबवलं. "वाचलंय सगळं," मी म्हणालो. "आमचा धंदाच आहे तो." रमाकांत खूश झाले. असा पाहुणा क्वचित येतो म्हणाले आणि पाच वाजता चक्कर टाकतो असं सांगून घरी गेले.

तोवर आई पुळणीवर जाऊन समुद्राची चव घेऊन आली होती, ते वर सांगितलंच. मग तिनं पुलात बोट बुडवून तेही चाखलं. तिचा चेहरा उजळला.

"ह्ये गोडं हाय," ती म्हणाली. "ह्ये कुनाचं?"

"दोन दिस आपलंच," मी ऐटीत म्हणालो.

घरून आणलेल्या भाकऱ्या आम्ही काचेच्या टेबलावर ठेचा आणि पिठल्याबरोबर खाल्ल्या. समुद्र आता संध्याकाळी आईशेजारी बसूनच नीट बघायचा, असं ठरवून मी हातभर जाडीच्या गादीवर आडवा झालो आणि झोपलो.

जाग आली ती धप, धप अशा ओळखीच्या आवाजानं. अर्धवट झोपेत मला वाटलं, आपण मार्गासनीलाच आहोत आणि खाली नदीवर बायका धुणं धुतायत. बरं वाटलं. मी कूस बदलली आणि समोर काचेतून पाहिलं.

पुलाच्या पायऱ्यांवर आई, अक्का, मनीषा आणि श्रावणी अशा चार पिढीजात धोबिणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गोधड्या तुडवत होत्या! काठावर एक किलोची कपड्याच्या पावडरीची पिशवी रिकामी पडली होती. धुतलेल्या दोन गोधड्या काचेच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून ठिबकत होत्या. आईच्या हातात दांडकं होतं. ते तिनं मार्गासनीवरून आणलं होतं.

मी अनवाणीच बाहेर धावलो. "आई, अगं ह्यो पवायचा हौद हाय!"

आईनं दांडकं खाली केलं आणि शांतपणे विचारलं, "पवायला कुनाला येतंय आपल्यात?"

आमच्या घराण्यात कुणालाच पोहता येत नाही. मी मनीषाकडे पाहिलं, कारण ती कॉलेज शिकलेली आहे. "अहो, आत्याबाईंच्या गुडघ्यावर जोर पडत होता, म्हणून मी उतरले," ती म्हणाली आणि तुडवत राहिली. श्रावणी तर इतकी खूश होती की तिला असली सहल दर महिन्याला हवी होती.

तेवढ्यात अक्कानं पुढची गोधडी पाण्यात सोडली. तिचा वरचा थर माझ्या आजीच्या लाल लुगड्याचा होता. त्या लुगड्यानं इतक्या वर्षांत सोडला नसेल एवढा रंग पाच मिनिटांत सोडला. निळा पूल आधी जांभळा झाला, मग गुलाबी. अशा वेळी माणसानं शांत राहावं आणि आपल्या दाजींना झोपेतून उठवू नये. मी उठवलं.

दाजींनी परिस्थिती पाहिली, चष्मा पुसला आणि मोटारीचं काम आपल्याला नवीन नाही असं सांगून मागच्या खोलीत गेले. तिथं फिल्टर असतो, तो सुरू केला की पाणी दहा मिनिटांत निवळतं, असं ते म्हणाले. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. तो फिल्टर नव्हता. पाण्यात बुडबुडे सोडून पाहुण्यांची पाठ शेकणारी ती मोटार होती. एक किलो पावडर, तीस हात लांब पूल आणि खालून बुडबुडे! फेस आधी घोट्याइतका आला, मग कमरेइतका आणि श्रावणीचं फक्त डोकं दिसायला लागलं. मी ओरडलो, बंद करा. दाजी आतून म्हणाले, बटण हातात आलंय. पलीकडचा तो न दिसणारा काठ ओलांडून गुलाबी फेस संथपणे समुद्राच्या दिशेला निघाला.

घड्याळात पाच वाजले होते. फाटक वाजलं.

रमाकांतना दारातच अडवायचं मी ठरवलं. कोकणातला पाऊस, नारळाचं पीक, भोरचा तांदूळ, जे सुचेल ते बोलत राहिलो. ते बिचारे हो हो करत होते. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. कोपऱ्यावरून वळून फेस आमच्यापर्यंत येऊन पोचला होता.

ते धावत गेले, मोटारीची तार ओढली, पुलाकडे पाहिलं आणि पायरीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, सोमवारी सकाळी दुसरे पाहुणे आहेत. पूल साफ करणारा माणूस बुधवारी येतो. मालकांना कळलं तर माझी नोकरी नाय राहणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस नियम वाचायचा मला कंटाळा आणि पोट जाणार दुसऱ्याचं. मी म्हणालो, पाणी सोडून द्या, पूल मी घासतो, तुमच्यावर काही येऊ देणार नाही. तोवर आई निथळत वर आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, चूक माजी हाय," ती म्हणाली. "म्या घासून देते. एक डाग ऱ्हानार न्हाई."

रमाकांतनी तिच्याकडे पाहिलं, मग कठड्यावरच्या गोधड्यांकडे. "घटाच्या काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पाऊसच उघडंना आमच्याकडं."

"आमच्या पण राहिल्यात," रमाकांत म्हणाले आणि त्यांनी त्या गुलाबी पाण्याकडे पाहिलं. मग अगदी संकोचून मला म्हणाले, "साहेब, पाणी आता सोडूनच द्यायचं ना?"

अर्ध्या तासात त्यांची बायको डोक्यावर नऊ गोधड्या घेऊन हजर झाली! आमच्या अकरा आणि त्यांच्या नऊ. दोघी एकमेकींचं नावही न विचारता कामाला लागल्या. उजेड होता तोवर त्यांनी सगळं उरकलं आणि मग रमाकांतनी बूच उघडलं. दाजींना भिंतीवरच्या कुठल्याही बटणापासून चार हात लांब राहायला सांगण्यात आलं.

रविवारी कडक ऊन पडलं. (तेवढा एक शब्द माझा खरा ठरला.) रिकाम्या पुलात मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. हातात ब्रश, शेजारी बादली. वर चारही बाजूंनी वीस गोधड्या वाळत होत्या. एवढ्यात आई पदर खोचून पायरी उतरताना दिसली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला.

"आई, तू बसायचं."

"तुला न्हाई जमायचं."

"मग बसून सांग."

ती चक्क बसली. मनीषानं तिच्यासाठी ती लांबलचक पांढरी खुर्ची ओढली, पायाखाली उशी दिली. थोडा वेळ आईचे हात मांडीवर काहीतरी चाचपत राहिले. शेंगा नव्हत्या, वाल नव्हते, वेणी घालायला नातही नव्हती. श्रावणी दाजींबरोबर पुळणीवर शिंपले वेचत होती. मग हात थांबले. आई समुद्राकडे बघत राहिली. समोरच्या गोधडीला आतून वडिलांच्या धोतराचा थर होता. त्या गोधडीवरून समुद्र आणि समुद्रावरून गोधडी, अशी तिची नजर फिरत होती. मी खालून ब्रश थांबवून तिला बघत होतो. चाळीस वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते मी पुलाच्या तळातून पाहत होतो.

"त्या कोपऱ्यात राह्यलंय," आई म्हणाली.

तिच्या शेजारी मी माझ्यासाठी म्हणून दुसरी खुर्ची मांडली होती. तीत रमाकांतची बायको येऊन बसली. दोघींनी दुपारपर्यंत म्हशी, सुना आणि गुडघे हे विषय संपवले. चार वाजता पूल लख्ख झाला, पाणी चढायला लागलं, रमाकांतनी माझा हात हातात घेतला आणि मी टपावर चढून गाठोडी बांधायला लागलो. समुद्राकडे पाठ करून.

घट वेळेवर बसले. गोधड्यांना सगळ्या आळीनं हात लावून पाहिला. आई अजून सांगते, समुद्र लई चांगला, माणसाला बसवतो.

फोटोही मिळाला. पुळणीवरून परत आल्यावर श्रावणीनं काढलेला. पुढे आई खुर्चीत रेललेली, हात मोकळे, चेहऱ्यावर ऊन. मी तो मोठा करून दुकानात लावलाय. फॉर्म भरायला आलेला माणूस हटकून विचारतो, ह्या तुमच्या मातोश्री का? मी होय म्हणतो. मग तो जवळ जाऊन मागे पुलात वाकलेल्या पाठीवर बोट ठेवतो.

"आन् ह्यो तिथला कामगार व्हय?"

मी म्हणतो, "व्हय. दोन दिवसांसाठी लावला होता. काम बरं करतो, पण वाचता येत नाही त्याला."