थाळीसरांचं मनगट

हवेत उडणारा कापूस पाहून वारा सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे थाळीसर. दिग्रसला जिनिंगच्या मागच्या मैदानावर ते आम्हा पोरींना फ्रिस्बी शिकवायचे. दुपार कलली की असरची नमाज आटोपून, टोपी घडी करून खिशात टाकत यायचे, तरंगणारे तंतू बघायचे आणि म्हणायचे, "आज वारा बेइमान हाय. थाळी खालून फेका." डिस्कला सारं गाव थाळीच म्हणायचं आणि तेही. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं.

माझा फोरहँड भयंकर होता. डिस्क माझ्या हातून सुटायची ती थेट मैदानाबाहेरच्या म्हशींकडे जायची. सर चिडले नाहीत. त्यांनी आपला रुमाल दिला आणि काखेत दाबून धरायला लावला. "कोपर अंगाले चिकटू दे. रुमाल पडला म्हंजे तू हातानं फेकून राह्यली. घरी ओलं फडकं झटकते ना? तसं. सारा खेल मनगटाचा हाय." कितीतरी दिवस तो मेला रुमाल पडतच राहिला. मग एका संध्याकाळी पडला नाही आणि डिस्क अशी सरळ गेली की मीच बघत राहिले.

आमच्या खेळात पंच नसतो, आपली चूक आपणच सांगायची. यवतमाळच्या सामन्यात शेवटची डिस्क मी झेप घेऊन पकडली. ती आधी गवताला टेकली होती, पण ते फक्त मला कळलं होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं, म्हणजे ठरवायचं मीच. मग काय, मी झक्कत म्हणाले, "पडली होती." पडली की ती समोरच्यांची. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत मी मुसमुसत होते. सरांनी मला खिडकीची जागा दिली. "आता तू खेळाडू झाली," एवढंच बोलले.

गेल्या दिवाळीनंतर अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. मी आता यवतमाळला नोकरी करते. दर रविवारी डिस्क घेऊन त्यांच्याकडे जाते, त्यांच्या काखेत रुमाल ठेवते आणि त्यांचंच त्यांना ऐकवते, "मनगट, सर, मनगट." मनगट ऐकत नाही. सरांच्या बायको, आमच्या चाची, दारात उभ्या राहून डोळे पुसतात. डॉक्टर झाले, मालिश झाली. माझ्याच्यानं काही म्हणजे काही होत नाही, आणि तरी मी जातेच.

परवा बोटं क्षणभर वळली. मला वाटलं, धरली! तेवढ्यात डिस्क फरशीवर आपटली. मी झटकन उचलली.

"मीच नीट दिली नव्हती, सर. धरा पुन्हा."

आजारापासून त्यांची जीभ जड झाली आहे. "खोटं काहून बोलते, पोरी? पडली ना?"

"पडली, सर."

"मंग आता थाळी तुह्यी."

तरीही मी डिस्क त्यांच्या हाताकडे नेली. सरांनी तोंड फिरवलं, त्या दिवशी मैदानावर फिरवलं होतं तसंच.