आंबट बंद

माझी सासू रुख्माबाई कोणाचं ऐकणाऱ्यातली नाही. सालेकशाच्या जंगलात चाळीस वर्षं तेंदूपत्ता तोडलेली बाई. फडावर पानं मोजून घेणाऱ्या मुंशीनं पानांचा पुडा परत केला तर तो त्याच्याच पुढ्यात आपटून यायची. अंबाडीची भाजी असली की भाताचं गंज एकटीनं रिकामं करायची. अशा बाईनं आयुष्यात एकदाच कोणाचं मुकाट्यानं ऐकलं. ते माझं ऐकलं आणि तेच तिला भोवलं.

मी अल्का, गावची आशा. गर्भार बायकांना लोहाच्या गोळ्या देताना मी प्रत्येकीला बजावते, "चहासंगं नोको घेऊ, जेवणात लिंबू पिळ, तवाच गोळी अंगी लागते." दहा वर्षं हेच सांगते आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

मागच्या मे महिन्यात पत्ता तोडताना आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नडगीत खुंट घुसला. टाके पडले. घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे आंबट बंद. आंबटानं जखम पिकते, हे मला माझ्या आईनं सांगितलेलं आणि तिला तिच्या आईनं. माझं प्रशिक्षण दहा वर्षांचं, हे त्याहून कितीतरी जुनं. लिंबू, चिंच, कैरी, टमाटर बंद. पेरू थंड, बटाटा वातूळ, पावसाळ्यातली पालेभाजी तर नकोच. उरलं काय? भात, मुगाचं वरण आणि चहा-टोस्ट.

"अल्का, अंबाडी बोटावर तरी दे ना वं," आई म्हणायच्या.

"जखम भरू द्या आधी."

आणि त्या गप्प बसायच्या. घरातली वाघीण माझ्या शब्दात आली, म्हणून मी मनातून फुलायची. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जखम भरेना. ऑगस्टात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी सगळं खापर त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर फोडलं, पुडी चुलीत टाकली, वर चार शब्द सुनावले. मग पायांवर जांभळे डाग उठले, आईंना उठता बसता येईना. समोरचे दोन दात पडले तेव्हा कुठे मी त्यांना तालुक्याला नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तोंड पाहिलं, पाय पाहिले आणि आईंना शेजारच्या खोलीत मलमपट्टीला पाठवलं. मग मला विचारलं, "जेवायला काय देता?" मी पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं. वर म्हटलं, "आंबटाचा एक थेंब नाही दिला, साहेब."

"हे स्कर्व्ही आहे," ते म्हणाले. "क जीवनसत्त्व मिळालं नाही तर हिरड्या सुटतात, जखम सांधत नाही. तुम्ही जखम भरायचं औषधच ताटातून काढून टाकलं." मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहून हळूच विचारलं, "तुम्ही आशा ना?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

परतताना आईंनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" मी म्हटलं, "गोळ्या देल्या. आता आंबट चालते." आता, म्हणे. त्या एका शब्दामागे मी दोन महिने लपून राहिले.

आठवड्याभरात रक्त थांबलं, दिवाळीपर्यंत जखमही भरली. आई काठी टेकत गावभर सांगत फिरायच्या, "माह्या सुनेनं परहेज पाळलं म्हणून पाय वाचला." मी समोर असले की मला नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवायचं.

मग एका दुपारी शेजारची दुर्गाताई आली. तिच्या पिंकीचं ऑपरेशनानं बाळंतपण होऊन पंधरा दिवस झाले होते. टाक्यांची जागा दुखते, म्हणाली.

"आंबट बंद कर तिचं," आई म्हणाल्या. "तीन महिने. विचार अल्काले."

दुर्गाताईनं माझ्याकडे पाहिलं. आता तिथून उठायला मला काहीच काम आठवलं नाही.

"काही बंद नोको करू, दुर्गाताई," मी म्हटलं. "लिंबू दे, आवळा दे, पालेभाजी दे. आणि दुखणं थांबलं नाही तं उद्याच दवाखान्यात नेऊ. आईंची जखम मी आंबट बंद केलं म्हणून भरत नव्हती. दातही त्यानंच गेले. माझ्यामुळं."

आई माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं?"

"हो."

त्या चिडतील, शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली. शिव्या आल्या नाहीत.

"सुनेचं कोण आयकते वं?" त्या म्हणाल्या. "सून म्हणून सांगतलं असतंस तं मी चोरून खाल्लं असतं. मी तं आशाताईचं आयकलं."