सुहासचा कान

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मोठ्या शेडमध्ये, कॉफीच्या रांगेत होतो. कॉफी घेतली आणि तशीच टेबलावर ठेवून निघालो.

माझा हा मित्र हिशेबतपासनीस, पण वेड रोमन पुतळ्यांचं. काही वर्षांपूर्वी इथल्या संग्रहालयात परदेशातून रोमन शिल्पं आली, तर या पठ्ठ्यानं एकही रविवार सोडला नाही. मलाही ओढून नेलं. एका म्हाताऱ्या सम्राटाचं संगमरवरी डोकं होतं, नर्व्हाचं. मी समोर उभा राहिलो, तर दंडाला धरून बाजूला ओढलं. "समोरून काय बघतोस लेका? कान बघ, कान!" मग हळू आवाजात सांगायला लागला. हे डोकं मुळात डोमिशियनचं. त्याला महालातच भोसकून मारलं आणि सिनेटनं फर्मान काढलं, याचं नाव पुसा, पुतळे फोडा. कुणी पुतळे फोडले. कुणी छिन्नी घेऊन त्याच्याच चेहऱ्यातून पुढचा सम्राट कोरून काढला. गाल बसवले, कपाळावर आठ्या पाडल्या. "पण कान आणि मानेवरचे केस तसेच राहिले बघ. अख्ख्या साम्राज्याला पुसता आला नाही हा माणूस!" दोन हजार वर्षं तो तिथेच होता... केवढं हे!

परवा यिशुनला त्याच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मासिक श्राद्ध आणि मेधावहिनी फोटोपुढे रडत बसलेल्या. सगळ्यांचे फोटो सुहासच काढायचा, त्यामुळे त्याचा स्वतःचा धड एक नाही. लग्नाच्या घोळक्यातला एक धूसर फोटो वहिनींच्या भावानं पुण्याच्या स्टुडिओत देऊन मोठा करून आणला होता. स्टुडिओवाल्यानं रिवाजाप्रमाणे काळा कोट, टाय चढवलेला, गोरापान केलेला, सुरकुत्या गायब.

"हा कोण परका माणूस आणलाय?" वहिनी म्हणाल्या. "याला हार कसा घालू मी? भाऊजी, मला त्यांचा चेहराच आठवेनासा झालाय हो..."

सुहासनं लावलेल्या सवयीनं मी फोटोच्या बाजूला सरकलो. फोटोतही उजव्या कानाची वरची कड तशीच दुमडलेली, सुहासची जन्मापासूनची.

"वहिनी, कान बघा."

त्या उठून जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. शाळेतून आलेली त्यांची लेक ईरा दप्तरासकट पुढे झाली आणि इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "दॅट्स बाबा, लाह."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा हार फोटोला घातला. तो कानावर येत होता. त्यांनी बोटानं अलगद मागे सारला.