लव्हॉनने रंगवलेली हिरवळ

हां, तर ते गवत रंगवलेलं होतं, इथवर आपण काल आलो होतो आणि तेवढ्यात जेवायला हाक आली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. ते गवत म्हणजे आमच्या हार्मन ग्रोव्ह कॉलेजच्या जुन्या इमारतीसमोरचा लंबगोल तुकडा, आणि रंगवणारा म्हणजे लव्हॉन स्ट्रॅक. एकतीस वर्षं त्या आवाराची देखभाल केलेला माणूस. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी पाठीवर फवाऱ्याची टाकी बांधून तो वाळकं, मातकट गवत हिरवंगार करत होता आणि मी बाजूला उभा राहून त्याला विचारत होतो, "लव्हॉन, आता झाडांना पानंपण चिकटवणार का?"

"शिडी धरत असशील तर चिकटवतो," तो म्हणाला. "उगाच उभा राहू नको, वेंडल. वारा अडव जरा."

मी वारा अडवला. मी तेव्हा कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची बस चालवायचो. शिक्षण माझं गावातल्या एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत, पण त्या बसमध्ये बसून जे शिकलो ते प्राध्यापकांनाही ठाऊक नसेल. त्यातलं एक म्हणजे, उंच पोरगं कॉलेज बघायला येणार असलं की आमच्या इंडियानात अख्खं गाव दाढी करतं.

त्या साली तर पाणी गळ्याशी आलं होतं. आमचा उंच खेळाडू शिकून बाहेर पडणार होता आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नव्हता. हेमंतात दोन पोरं येऊन बघून गेली, दोन्ही नदीपलीकडच्या कॉलेजात दाखल झाली. पहिला म्हणाला, तिथं रंगीत दिव्यांचं कारंजं आहे. दुसऱ्याच्या बापानं तर कोचला तोंडावर सांगितलं, "तुमचं आवार बघून मला माझ्या सासऱ्यांना ठेवलं होतं ते हॉस्पिटल आठवलं." कोच म्हणजे रस्टी डिलमन, अडतिशीचा, घाईचा माणूस. त्यानं ते जसंच्या तसं कॉलेजच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष डॉक्टर प्रूइट सभ्य गृहस्थ, पण शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं. त्यांनी लव्हॉनला बोलावून सांगितलं, तिसरा मुलगाही आवार बघून परत गेला, तर जुलैपासून हे काम बाहेरच्या कंपनीला द्यावं लागेल.

लव्हॉन एकसष्ट वर्षांचा होता. तिथलं प्रत्येक साखरमेपलचं झाड त्यानं मनगटाएवढं असताना लावलं होतं. उतारावर गवत कापून कापून तो सपाट जमिनीवरही डावीकडे झुकून चालायचा. कॉलेजचा एकही सामना त्यानं जिममध्ये बसून बघितला नाही, कारण बुटाला चिखल असायचा; अवजारांच्या खोलीत रेडिओ लावून तो गवत कापायच्या यंत्राची पाती घासायचा. आपण एक बास्केट टाकली की घासणं थांबायचं, दुसऱ्यांनी टाकली की जोरात सुरू व्हायचं. आम्ही किती गुणांनी हरलो ते दुसऱ्या दिवशी पात्यांच्या धारेवरून कळायचं.

अशा माणसाला त्याच्या आवारातून काढणार म्हटल्यावर त्यानं काय करावं? त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रंग मागवला.

तिसरा मुलगा होता गेलन नावाचा, उत्तरेकडच्या दुधाच्या शेतावरचा. सहा फूट दहा इंच. शनिवारी तो आणि त्याची आई येणार होते. रस्टीनं कागदावर नकाशा काढून माझ्या हातात दिला. आवारात पाहुण्यांना फिरवायची ती बिनआवाजाची छोटी गाडी असते ना, ती मला चालवायची होती. ग्रंथालयापाशी डावीकडे, म्हणजे जेवणघराची मागची बाजू दिसणार नाही. घंटाघरापाशी सावकाश. कचऱ्याच्या डब्यांपाशी भरधाव.

"आणि त्यांनी उजवीकडे बघितलं तर?" मी विचारलं.

"तुम्ही बोलत राहा, वेंडल. तुम्ही बोलायला लागलात की लोक आपोआप दुसरीकडे बघतात."

आता त्या लंबगोल हिरवळीचं एक सांगायला हवं. आमच्याकडे पदवीच्या दिवसापर्यंत तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही, दंडही नाही, पण ऐंशी वर्षं पोरं तासाला उशीर झाला तरी वळसा घालून धावतात. पदवी घेतली की मग सगळे मिळून तिच्यावरून चालत जातात आणि आया रडतात. त्यामुळे लव्हॉननं सगळा विचार केला, रंगाची छटा, वाऱ्याची दिशा, घंटाघरावरून कसं दिसेल ते. पायांचा विचार त्याच्या डोक्यातच आला नाही. कुणाच्या आला असता? माझ्याही आला नाही, मी तर दोन तास तिथं उभा होतो. आणि त्या रात्री हिव पडलं. रंग वाळलाच नाही.

शनिवारी दहा वाजता त्यांचा ट्रक आला. आई ट्वायला, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. मुलगा उतरायला लागला तो उतरतच राहिला. पायात कोरे पांढरे बूट, सतरा नंबरचे, खास या भेटीसाठी घेतलेले. रस्टी, डॉक्टर प्रूइट आणि मी ओळीनं उभे. अशा दिवशी कामगारांनी दिसायचं नाही असा दंडक होता, म्हणून लव्हॉन हिरवळीच्या कडेच्या मेपलमागे. झाड त्याच्याहून बारीक होतं, तो दोन्हीकडून दिसत होता.

सगळे छोट्या गाडीत बसले. गेलनचे गुडघे कानाशी आले. ग्रंथालयापाशी मी डावीकडे वळलो तेव्हा त्याचा एक पाय बाहेर, घंटाघरापाशी दोन्ही.

"आई, मी चालत येतो," तो म्हणाला. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"चाल की," आई म्हणाली. "मीपण येते. एवढ्याशा अंतराला गाडी कशाला?"

शेतावरची माणसं सरळ चालतात. समोर जिम, मध्ये हिरवळ. रस्टी "अहो, इकडून" म्हणेपर्यंत गेलन मध्यावर पोचला होता. मी मागून बघितलं आणि स्टिअरिंगवर डोकंच टेकलं. हिरव्यागार गवतात मातकट पावलांची एक लांबच लांब ओळ उठली होती. पोरगं पलीकडे फरसबंदीवर चढलं आणि तिथं हिरवी पावलं उमटायला लागली.

ट्वायला थांबली. खाली वाकली, गवताचं एक पातं बोटांत चोळलं, हुंगलं.

रस्टी धावत आला. "ही खास थंडीतली जात आहे."

"माझ्याकडे दोनशे एकर कुरण आहे, कोच," ती म्हणाली. "बोटाला लागणारी जात मी अजून बघितली नाही. कुणी केलं हे?"

डॉक्टर प्रूइट घंटाघराकडे बघत राहिले, जणू घंटेनं केलं असावं. तेव्हा लव्हॉन झाडामागून बाहेर आला आणि त्यानं टोपी काढली.

"मी केलंय, बाई."

"का?"

"हे झोपलंय आत्ता. एप्रिलात उठतं. झोपलेल्याला बघायला पाहुणे येतील तेव्हा जरा अंगावर पांघरूण असावं म्हटलं."

"झोपलंय की मेलंय?"

लव्हॉनला हे लागलं. त्यानं टोपी पुन्हा घातली, खिशातून छाटणीचा चाकू काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत, ज्या हिरवळीवर तो स्वतःही कामापुरता, तेही अनवाणी जायचा, तिच्यात तळहाताएवढा चौकोन कापला. गुडघे टेकून त्यानं ते ढेकूळ तिच्या हातात दिलं. वरचा रंग खरवडून बुडखा उघडा केला. आत पांढरे, किंचित पोपटी कोंब होते.

ट्वायलानं माती दाबून बघितली. "चिकण आहे."

"आहे ना. पहिली पाच वर्षं तळं साचायचं. मग चर खणले, पाइप टाकले, त्यावर वाळू. एकट्यानं."

"उतार कुठल्या बाजूला दिलात?"

झालं. दोघं गुडघ्यांवर बसली ती अर्धा तास उठली नाहीत. चुन्याचं प्रमाण, मुंग्या, हिवाळ्यात मीठ टाकून रस्ते मोकळे करणाऱ्यांची अक्कल, सगळं झालं. रस्टी घड्याळ बघतोय. जिममध्ये गेलनच्या नावाचा सदरा टांगलेलं कपाट उघडून ठेवलंय, दिवे लावलेत, कुणी जात नाही.

गेलन बिचारा बुटांकडे बघत उभा. लव्हॉननं मान वर करून त्याला सांगितलं, "पोरा, तू जिथून चाललास तिथं पदवी घेतल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. तुझं चार वर्षांचं काम सकाळी दहा वाजताच उरकलं."

पोरगं कानापर्यंत लाल झालं. मग हसायला लागलं, आणि हसताना पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणाशी बोललं. "इथं सकाळी साडेपाचला जिम उघडी असते का? मला लवकर लागते."

"असते की," रस्टी झटकन म्हणाला.

"बर्फ पडला तर? आमच्या शाळेत वाट बंद असायची."

रस्टी कधी साडेपाचला आलाच नव्हता.

"पाचला मी वाट मोकळी करतो," लव्हॉन म्हणाला. "आधी वसतिगृह ते जिम. मग जेवणघर. मग अध्यक्षांचं घर."

डॉक्टर प्रूइट खाकरले. "माझी समजूत होती की माझं घर पहिलं असतं."

"तुम्ही सातला उठता, डॉक्टर."

ट्वायला उठली, गुडघे झटकले. "या बुटांचा रंग निघेल का?"

"गवताचा एप्रिलात निघेल, कापलं की. बुटांचं सांगता येत नाही, बाई. आजवर कुणी ठेवलाच नव्हता पाय."

मग दुपारी जेवणघरात चिकन आणि जाड शेवया, खाली कुस्करलेले बटाटे. गेलननं तीनदा घेतलं. संध्याकाळी हिरवे बूट घालून पोरगं ट्रकमध्ये घडी होऊन बसलं आणि ती दोघं गेली. ना हो म्हणाली, ना नाही.

महिनाभर काही कळलं नाही. रस्टी फोनजवळ जेवायचा. लव्हॉन अवजारांच्या खोलीत आवराआवर करत होता. मी एकदा डोकावलो तर प्रत्येक खुरपं, प्रत्येक कात्री खिळ्याला टांगलेली आणि खाली पट्टीवर नाव लिहिलेलं.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"जो येईल त्याच्यासाठी. कंपनीच्या पोरांना काय माहीत कुठली कात्री कशाची."

मी म्हणालो, "त्या मोठ्या कात्रीचं नाव चुकलंय." तो बघायला वळला. चुकलं नव्हतं. तो म्हणाला, "तू बस चालव."

मार्च संपायच्या आदल्या दिवशी ट्वायलाचा फोन आला. गेलन येणार. कागदावर सही झाली.

त्यानंतरचा आठवडा मी कधी विसरणार नाही, कारण तेवढ्या लोकांनी एकाच पोराला आणलेलं मी पुन्हा बघितलं नाही. रस्टी म्हणाला, नावाचा सदरा टांगला म्हणून आला. जेवणघरातल्या बाया म्हणाल्या, तीनदा कुणी वाढलं ते आठवा. घंटाघराची चावी सांभाळणाराही न्हाव्याकडे बसून सांगत होता की त्या दिवशी घंटा वेळेवर वाजली. मी स्वतः दोघातिघांना सांगितलं की गाडी मी चालवत होतो. लव्हॉनला मात्र कुणी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही.

शेवटी विचारायला आले ते डॉक्टर प्रूइटच. विश्वस्तांची बैठक होती आणि त्यांना एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं होतं: खेळाडू मिळवण्यात आवाराच्या दिसण्याचं महत्त्व किती? पोरगं आलं, तरी कंपनीचा निर्णय त्या उत्तरावरच होणार होता. लव्हॉन हिरवळीच्या कडेला पाण्याच्या झडपेपाशी पालथा पडला होता, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात. डॉक्टर पेन उघडून उभे राहिले, रंग उडालेल्या गवताच्या अगदी काठावर, बूट सांभाळून. मी पाना धरून शेजारीच होतो, म्हणून तो काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"लिहा, डॉक्टर, की लव्हॉनला माहीत नाही. तीस वर्षं दर एप्रिलात मी हे गवत खरोखर हिरवं केलं, तेव्हा ते कसं केलं हे कुणी विचारायला आलं नाही. एकदा खोटं हिरवं केलं तर ती बाई गुडघे टेकून बसली. एवढंच लिहा, की ती अर्धा तास बसली तेव्हा तिला उत्तरं द्यायला इथं कुणीतरी होतं, आणि कंपनीला काम दिलंत तर पुढच्या बाईसाठी त्याला घरी फोन करून बोलवावं लागेल. आता जरा मागे सरका, पाणी सोडतोय."