मारुतीच्या कोब्यातले धागे

कोबा दिवसभरात वाळतो. त्याच्या हकिगती वर्षभर ओल्या राहतात. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी मारुतीच्या सभामंडपाचा कोबा झाला, तेव्हापासून पारावर दुसरा विषय नाही. मी मंदिर समितीचा चिटणीस, निवृत्त शिक्षक. निवाड्याला सारे माझ्याकडे येतात आणि मला त्यातले निम्मे अद्याप उमगलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यातला कोबा वाळतानाच तडकला. फोडावा लागला. तेव्हा तो घालणाऱ्या खाजाभाई मिस्त्रींनी पायरीशी उभे राहून शब्द दिला, "गुरुजी, पुढल्या खेपेला एक जरी तडा गेला, तर या गावात थापी धरणार न्हाय!"

शब्द देणे सोपे; मे महिन्यात पाळणे कठीण.

*

या खेपेस समितीने इंजिनिअर आणला. त्याने पिशवी फोडली. आत पांढरे, केसांसारखे बारीक धागे!

"हे फायबर. काँक्रीटमध्ये मिसळायचं. उन्हानं वरचं पाणी झटकन उडतं, कोबा आकसतो. हे धागे त्याला धरून ठेवतात."

खाजाभाईंनी एक धागा उजेडात धरला. "साहेब, ह्यो मलाच दिसंना झालाय. ह्यो कोबा काय धरून ठिवणार?"

*

समितीतले सर्वांत वडीलधारे तात्या. त्यांनी मला बाजूला घेतले. "गुरुजी, देवाच्या दारात केस कुणाचे?"

"केस नव्हेत तात्या, प्लास्टिक आहे."

"मंग सोवळ्यातलं हाय!"

प्लास्टिक सोवळ्यात बसते काय, हे मी अनेकांना विचारले. प्रत्येकाने मला तात्यांकडेच पाठवले.

*

मिसळायचे पाणी थंड हवे, म्हणून बर्फाच्या लाद्या आल्या. तात्या काठी टेकून पाहत राहिले.

"आमाला रांजणाचं पाणी अन् कोब्याला बर्फ! लई लाड हायत!"

*

पहाटे काम सुरू झाले. पहिली घमेली पुढे गेली. पण मालात धागे दिसेनात. शोध घेतला. माल भरणाऱ्या काशीबाई आणि त्यांच्या जोडीदारणी एकेक धागा वेचून पदराआड ठेवत होत्या.

"अहो मावशी, हे काय करता?" इंजिनिअर ओरडला.

"देवाच्या कामात केस ऱ्हाऊ द्यायचे व्हय? पिठात निघाला तर तुमी भाकर खाल का?"

त्यांना रागवावे, असे मला वाटले. परंतु दोष कोठे होता, ते सापडेना. तेवढा माल धागे घालून पुन्हा कालवला.

*

दिवसभर खाजाभाई कोब्याशेजारून हलले नाहीत. त्यावर पसरलेली ओली पोती वाळू दिली नाहीत. दुसऱ्या सकाळी पोती उचलली. सारा गाव वाकून पाहत होता. एकही तडा नाही! खाजाभाईंनी आभाळाकडे हात उचलले, मी मारुतीला नमस्कार केला.

तेवढ्यात इंजिनिअर कटर मशीन घेऊन आला आणि त्याने कोब्यावर आडवी चीर पाडायला घेतली.

खाजाभाई पात्यापुढे जाऊन बसले. "साहेब! तडा गेला न्हाय म्हणून तुमी पाडता का?"

"मिस्त्री, पुढं कोबा आकसणारच. धागे लहान तडे धरतात. मोठा गेलाच तर आपण सांगू तिथं, सरळ जावा, म्हणून ही चीर."

खाजाभाईंनी सुरू झालेल्या चिरेवर बोट फिरवले.

"म्हंजे मागल्या साली तो आमाला न इचारता गेला, एवढाच गुन्हा?"

मग त्यांनी थापी माझ्यासमोर धरली. "गुरुजी, शब्द तुमच्यासमोर दिलाय. आता तुमीच सांगा, हा तडा धरायचा का न्हाय?"

साऱ्या गावाने माझ्याकडे पाहिले. मी मारुतीकडे पाहिले.