विसाव्या सोमवारची उडी

लग्नानंतर सहा वर्षांनी मोजणीदाराच्या घरी पाळणा हलायची चिन्हं दिसू लागली, आणि त्यानं सगळ्यांत आधी आलेखाचा कागद आणला. आडवे आठवडे, उभे सेंटिमीटर. कागद फ्रिजच्या दाराला चिकटवला. दर सोमवारी मोबाईलमधलं ॲप बाळ केवढं झालं ते सांगायचं आणि हा गृहस्थ दाढी करायच्याही आधी टोकदार पेन्सिलीनं ठिपका द्यायचा.

जमिनीच्या हद्दी मोजण्यात त्याची चौदा वर्षं गेली होती. वीतभर तुकड्यासाठी दोन भाऊ हमरीतुमरीवर आले, की त्याला बोलावणं यायचं. टेप कुठून धरली होती, एवढंच तो विचारायचा आणि निम्मं भांडण तिथंच मिटायचं.

बायको घरीच कपडे शिवायची. तिला ठिपक्यांत रस नव्हता, तिला उलट्या होत होत्या. बाळ लिंबाएवढं झाल्याचं त्यानं कौतुकानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, लिंबू असेल तर चिरून द्या, तोंडाला चव नाही. त्याच्या आईचं मत, पोटातलं पोर कागद वाचून वाढत नसतं. त्यानं दोघींकडे काणाडोळा केला.

रेघ शहाण्या मुलासारखी चढत होती. विसाव्या आठवड्याच्या सोमवारी मात्र तिनं उडीच मारली. आदल्या आठवड्यात पंधरा सेंटिमीटर, आज पंचवीस! त्यानं चष्मा पुसला, ॲप बंद करून पुन्हा उघडलं. पंचवीसच. कचेरीत रजा कळवून, कागद काखेत मारून आणि कुरकुरणाऱ्या बायकोला पुढे घालून त्यानं दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर पसरला.

"हे आकडे कुणाच्या बाळाचे?"

"आमच्याच. ॲपमधून घेतलेत."

"ती सगळ्या जगाची सरासरी आहे. तुमच्या बाळानं त्यांना काही कळवलेलं नाही."

मग त्यांनी समजावलं, की आधी बाळाचे पाय दुमडलेले असतात, म्हणून डोक्यापासून बुडापर्यंत मोजतात. विसाव्या आठवड्यापासून थेट टाचेपर्यंत. "टेप कुठवर धरलीय, ते तुम्ही पाहिलंच नाहीत."

मोजणीदाराचे कान लाल झाले. बायको इतकी हसली, की तिला पोट धरावं लागलं. हसता हसता एकदम गप्प झाली. हात तसाच पोटावर.

"थांबा," ती म्हणाली, "आत काहीतरी हललं."

त्यानं घाईघाईनं हात ठेवला. त्याच्या हाताला काहीच लागलं नाही.

"किती हललं?"

"माशीचा पंख चाटून जातो ना, तेवढं."

याचा ठिपका कुठं द्यायचा, ते त्याला कळेना. पुढचे सोमवार तो आधी तिला विचारायचा आणि मग मोबाईल उघडायचा. कधी कधी उघडायचा राहूनही जायचा.

मुलगी दोन आठवडे आधीच आली. त्या वेळी तो कुणाच्या तरी शेतात हद्दीचा दगड रोवत होता. चिखलाच्या बुटांनी धावत पोचला, तर आयानं दारातच अडवलं. काचेपलीकडून त्यानं लेकीला डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांनी वजन विचारलं, लांबी विचारली. नर्सनं दोन्ही सांगितलं होतं, पण त्याला एक आकडा आठवेल तर शपथ.

"नाक माझ्यावर गेलंय," तो म्हणाला.